निरपेक्ष दानाचे प्रतिफळ : पंडिता रमाबाईंच्या जीवनकार्याच्या आधारे

१

ख्रिस्ती धर्मजीवनात दानाला मोठे स्थान आहे, हे सांगण्यास विशेष पुराव्याची आवश्यकता नाही. मात्र या दानाचे फळ कोणते आणि ते कोणाच्या पदरी पडते, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. फळाची आशा धरून दिलेले दान निरपेक्ष राहत नाही. आणि फळच नसेल, तर नव्या करारात दात्याला प्रतिफळाचे आश्वासन वारंवार का दिले आहे, याचा उलगडा होत नाही. धर्मशास्त्रज्ञांनी या विरोधाचा परिहार आपापल्या रीतीने केला आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला आणखी एक मार्ग मोकळा असतो. ज्यांनी खरोखर सर्वस्व दिले अशा व्यक्तींचा जीवनक्रम तपासावा. त्यांनी काय दिले, कोणाच्या खर्चाने दिले आणि त्या देण्यातून अखेर काय निष्पन्न झाले, हे पाहावे. महाराष्ट्रात अशा तपासणीला पंडिता रमाबाई सरस्वती (१८५८–१९२२) यांच्याइतके योग्य उदाहरण क्वचितच सापडेल. त्या आयुष्यात कधी याचक होत्या, कधी दात्या होत्या, आणि पुष्कळदा एकाच वेळी दोन्ही होत्या. दानाची दोन्ही टोके ज्यांनी हाताळली आहेत त्यांची साक्ष नुसत्या दात्याच्या साक्षीहून अधिक मोलाची असते.

प्रथम शब्दांचा थोडा विचार करणे इष्ट आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात गुप्त दानाचा जो उपदेश आहे, त्यात मराठीत 'प्रतिफळ' म्हणून आलेला मूळ ग्रीक शब्द 'मिस्थॉस' हा आहे. त्याचा रोजच्या व्यवहारातील अर्थ मजुरी, वेतन असा होता. त्याच ठिकाणी लोकांच्या डोळ्यांसमोर दान करणाऱ्यांविषयी 'अपेखो' हे क्रियापद योजिले आहे. मिसर देशात सापडलेल्या जुन्या पपायरसांच्या व खापरांच्या आधारे आडोल्फ डाइसमान या जर्मन पंडिताने १९०८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले की, हे क्रियापद त्या काळी पावतीवर लिहिण्याचे होते. रक्कम पुरती हाती आली, आता देणेघेणे उरले नाही, असा त्याचा भाव. मराठी भाषांतरात या ठिकाणी 'भरून पावणे' हा जो प्रयोग रूढ झाला तो फार समर्पक आहे. कारण आपल्याकडील जुन्या पावत्यांतही रुपये भरून पावल्याचेच लिहीत असत. लौकिकासाठी दिलेल्या दानाचा हिशेब लौकिक मिळताच चुकता होतो, असा हा दृष्टांत आहे.

दुसरा शब्द 'खारिस' हा होय. देवाची कृपा या अर्थी हा शब्द प्रसिद्ध आहे. परंतु यरुशलेम येथील गरीब बांधवांसाठी पौलाने मासेदोनिया व अखया या प्रांतांतील मंडळ्यांकडून जो निधी गोळा केला, त्याचा उल्लेख करतानाही करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याने हाच शब्द वापरला आहे. मराठीत एकीकडे 'कृपा' आणि दुसरीकडे 'दान', 'वर्गणी', 'देणगी' असे शब्द वेगळे पडल्यामुळे हा संबंध वाचकाच्या ध्यानात सहसा येत नाही. त्याच पत्रात पौलाने या देण्याचा हेतूही सांगितला आहे. एकाला सुख आणि दुसऱ्याला भार व्हावा असा तो हेतू नाही. आज एकाच्या विपुलतेतून दुसऱ्याची उणीव भरावी, उद्या दुसऱ्याच्या विपुलतेतून पहिल्याची भरावी, आणि उभयतांत समानता यावी, असा आहे. घेणारा पुढे देणारा होणे, हे दानाचे साध्य येथे मानलेले दिसते. रमाबाईंच्या चरित्राला हीच कसोटी लावून पाहावयाची आहे.

२

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूर प्रांतातील माळहेरंबीचे. पेशव्यांच्या घरी संस्कृत शिकविणारे रामचंद्रशास्त्री साठे हे त्यांचे गुरू. पेशव्यांच्या घरातील स्त्री संस्कृत शिकते हे पाहून आपल्या पत्नीलाही शिकवावे, असा त्यांनी निश्चय केला आणि लोकापवाद टाळण्यासाठी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे आश्रम बांधला. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. या आश्रमात विद्यार्थी राहत, यात्रेकरू उतरत, आणि कोणी विन्मुख जात नसे. या आतिथ्यानेच शास्त्रीबोवांची मिळकत संपली. कर्ज झाले, जमीन विकावी लागली, आणि रमाबाई अवघ्या काही महिन्यांच्या असताना कुटुंब तीर्थाटनास निघाले.

पुढील सुमारे सोळा वर्षे हे कुटुंब पुराण सांगून राहिले. देवळात किंवा घाटावर बसून पुराण वाचावे, श्रोत्यांनी दक्षिणा, फळे, धान्य ठेवावे, त्यातून आपला निर्वाह करून उरलेले ब्राह्मणांना व गरिबांना वाटावे, असा क्रम होता. एका अर्थी हे दानाचे फिरते चक्र होते. त्यात घेण्याचा कमीपणा नव्हता, कारण घेण्याला विद्येचा आधार होता; आणि देण्यात पुण्यसंचयाची निश्चिती होती. दक्षिण भारतातील दुष्काळात हे चक्र थांबले. श्रोते उपाशी, तेथे दक्षिणा कोण ठेवणार? होते तेवढे भांडेकुंडे व दागिने विकून झाले. शरीरकष्टाची सवय नाही आणि भीक मागण्याची लाज, अशा स्थितीत या विद्वान कुटुंबाने रानातील पाला खाऊन दिवस काढले. वडील व आई १८७४ साली आणि त्यानंतर थोरली बहीण, अशी तीन माणसे गेली. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास पायी देश तुडवीत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

या हकीकतीचे कथन रमाबाईंनी १८९७ साली, म्हणजे दुसऱ्या एका दुष्काळात, इंग्रजीत केले. ते करताना त्यांचा रोख दानधर्माच्या जुन्या कल्पनेवर आहे, आणि ख्रिस्ती झाल्यानंतरची टीकादृष्टी त्यात उघड दिसते. हे वाचकाने विसरू नये. वडिलांच्या आतिथ्यात पुण्याच्या आशेपेक्षा अधिक असे काही होते, हेही त्याच कथनावरून आणि कन्येच्या पुढील वर्तनावरून दिसून येते. स्त्रीला विद्या देण्यासाठी समाजाचा रोष पत्करणारा आणि घरी आलेल्याला अन्न देता देता निर्धन होणारा हा ब्राह्मण हेच रमाबाईंच्या पुढील कार्याचे पहिले उदाहरण होय. त्यांनी वडिलांचा विचार टाकला. वडिलांचा स्वभाव मात्र टाकला नाही.

३

श्रीनिवास १८८० साली वारले. त्याच वर्षी रमाबाईंचा बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला. आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने पतीचे निधन होऊन, दहा महिन्यांची मुलगी मनोरमा हिच्यासह त्या एकाकी झाल्या. पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली आणि 'स्त्रीधर्मनीति' हा ग्रंथ लिहिला. या ग्रंथाच्या विक्रीतून आलेल्या पैशावर १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील भगिनीमंडळाने त्यांना आश्रय दिला. पण तो त्यांनी फुकट घेतला नाही. भारतात जाऊ इच्छिणाऱ्या भगिनींना मराठी शिकवावे व त्यांच्याकडून इंग्रजी शिकावे, असा करार होता. दक्षिणेवर वाढलेल्या मुलीने घेण्याला पुन्हा एकदा विद्येचा आधार शोधला, असे म्हणता येईल.

ख्रिस्ती दानाचे जे रूप त्यांच्या मनावर ठसले ते या मंडळाच्या लंडनमधील फुलहॅम येथील कामात त्यांनी पाहिले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांची तेथे शुश्रूषा होत असे. ज्यांना देऊन पुण्यही जोडता येत नाही आणि लौकिकही मिळत नाही, अशांना या भगिनी ममतेने का वागवितात, असा प्रश्न रमाबाईंना पडला. आपल्या धर्मांतराच्या कारणांत त्यांनी पुढे या अनुभवाचा आवर्जून उल्लेख केला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

याच काळात एक तंटा उभा राहिला, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तो बाप्तिस्म्याइतकाच महत्त्वाचा आहे. सिस्टर जेराल्डीन व चेल्टनहॅम येथील महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी झालेला रमाबाईंचा पत्रव्यवहार ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ साली प्रसिद्ध झाला. त्यातून असे दिसते की, ज्यांनी अन्न, वस्त्र व शिक्षण दिले त्यांनी रमाबाईंच्या श्रद्धेलाही वळण द्यावे, ही अपेक्षा भगिनींना स्वाभाविक वाटत होती. रमाबाईंना ती मान्य नव्हती. चर्चच्या सिद्धान्तांपैकी जे बुद्धीला पटेल तेवढेच आपण स्वीकारू, सदसद्विवेकावर कोणाचाही अधिकार चालू देणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. स्वतःच्या शाकाहाराविषयी आणि मनोरमेच्या खाण्यापिण्याविषयीही त्या अशाच दक्ष राहिल्या. उपकारकर्त्यांना ही कृतघ्नता वाटली. रमाबाईंच्या दृष्टीने कृतज्ञता आणि आज्ञाधारकता या दोन भिन्न गोष्टी होत्या. घेणाऱ्याच्या मनावर दात्याचा हक्क उत्पन्न होत असेल, तर ते दान नसून खरेदी होय, हा त्यांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ आहे. निरपेक्ष दानाची याहून कठोर व्याख्या करणे कठीण. आणि ती एका घेणाऱ्या स्त्रीने केली, हे विशेष.

४

फिलाडेल्फिया येथील आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदानासाठी रमाबाई १८८६ साली अमेरिकेस गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८८७ साली निघाला आणि त्याच्या विक्रीतून विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा राहू लागला. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. एडवर्ड एव्हरेट हेल हे तिचे अध्यक्ष होते. गावोगावच्या मंडळांनी लहान लहान वार्षिक वर्गण्या गोळा करून दहा वर्षे शाळेचा भार वाहावा, अशी योजना होती. रमाबाईंच्या १८८९ सालच्या मराठी प्रवासवृत्तात अमेरिकेतील धर्मपंथ व परोपकारी संस्था यांना स्वतंत्र स्थान आहे. सामान्य माणसांनी, विशेषतः स्त्रियांनी, थोडे थोडे देऊन संस्था चालविणे ही गोष्ट त्या वेळच्या मराठी वाचकाला नवी होती.

या दानाला एक अट होती. शाळेत कोणत्याही धर्माची शिकवण देऊ नये, मुलींना आपापल्या आचारधर्माप्रमाणे वागू द्यावे, असे ठरले होते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीजवळ शारदा सदन उघडले व पुढील वर्षी ते पुण्यास आले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांचे सल्लागार मंडळ पाठीशी होते. मुलींच्या जातिनियमांना बाध येऊ नये, अशी जेवणाची व्यवस्था होती. परंतु रमाबाई स्वतःच्या खोलीत जी प्रार्थना करीत, तिचे दार त्या बंद करीत नसत, आणि काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. १८९३ साली यावरून गदारोळ उठला. 'केसरी'ने टीका केली, सल्लागारांनी राजीनामे दिले, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादात दोन्ही पक्षांना आधार होता. सल्लागारांचे म्हणणे असे की, अनाथ व परावलंबी मुलीपुढे उपकारकर्तीची प्रार्थना चालू असणे हेच एक प्रकारचे वळण आहे. मुलगी आपण होऊन आली असे म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही. रमाबाईंचे म्हणणे असे की, मुलींना आपला धर्म पाळण्याचे जे स्वातंत्र्य दिले, त्यात दुसरा धर्म पाहण्याचेही स्वातंत्र्य आलेच. आणि आपल्या घरात आपली उपासना लपविण्याची अट त्यांनी स्वीकारली नव्हती. वाँटेज येथे ज्या प्रश्नात त्या घेणाऱ्याच्या बाजूने उभ्या होत्या, त्याच प्रश्नात पुण्यास त्या दात्याच्या आसनावर होत्या. आपल्याला उपकारकर्त्यांकडून हवे होते ते मनाचे स्वातंत्र्य आपण आश्रितांना पुरते देतो आहोत काय, हा प्रश्न रमाबाईंच्या चरित्रातील अत्यंत बिकट प्रश्न होय. चरित्रकारांनी तो सहसा टाळला आहे; भक्तांनी गौरवात, विरोधकांनी आरोपात.

५

दहा वर्षांची मुदत संपल्यावर सदनाचे काय, ही चिंता रमाबाईंनी आधीच केली होती. पुणे–दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे अमेरिकेतील हितचिंतकांच्या साहाय्याने त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली. तेथे फळबाग लावावी आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी, असा हेतू होता. दात्यावरचे अवलंबन कमी करण्याचा हा विचार त्यांच्या व्यवहारबुद्धीचा द्योतक आहे. पण बाग फळास येण्यापूर्वीच १८९६–९७ चा दुष्काळ आला.

मध्य प्रांतातील दुष्काळी छावण्यांची स्थिती ऐकून रमाबाई तेथे गेल्या. निराधार मुली अन्नापायी दुष्टांच्या हाती पडत असल्याचे त्यांनी पाहिले. बावीस वर्षांपूर्वीची आपली अवस्था त्यांना आठवली. तीनशे मुलींना सांभाळण्याचा त्यांनी संकल्प केला. त्या वेळी त्यांच्याजवळ या कामासाठी कोणताही निधी नव्हता. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने या मुलींना केडगावच्या उघड्या शेतावर, झोपड्यांत व तंबूंत ठेवावे लागले. मुक्ती सदनाचा आरंभ हा असा झाला. १८९८ साली बॉस्टनच्या संस्थेची मुदत संपून तिच्या जागी अमेरिकन रमाबाई असोसिएशन आले. १९०० सालच्या गुजरातेतील दुष्काळानंतर केडगाव येथील आश्रितांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली.

हा सर्व भार निश्चित उत्पन्नाशिवाय उचलला गेला. ब्रिस्टल येथे अनाथगृहे चालविणारे जॉर्ज म्यूलर, चीनमधील इनलँड मिशन आणि न्यू हेब्रिडीस बेटांतील जॉन पेटन यांच्या वृत्तान्तांचा आपल्यावर परिणाम झाल्याचे रमाबाईंनी लिहिले आहे. या तिघांच्या कार्यांत एक सूत्र समान आहे. आधी निधी आणि मग काम, हा क्रम त्यांनी उलटा केला. व्यवहाराच्या दृष्टीने हे साहस होते. तथापि केडगावची व्यवस्था पाहिली, तर केवळ प्रार्थनेवर विसंबून हात जोडून बसण्याचा हा प्रकार नव्हता, हे ध्यानात येते. विहिरी खणल्या, शेती व दूधदुभते उभे केले, माग बसविले, तेलाचा घाणा चालविला, छापखाना घातला. आंधळ्या मुलींना मनोरमेने ब्रेल लिपी शिकविली. आलेल्या प्रत्येक मुलीने अक्षरओळखीबरोबर हाताचे एखादे काम शिकावे, असा नियम होता. ज्या कुटुंबाला विद्या होती पण हातांना काम ठाऊक नव्हते, आणि म्हणून ज्याला उपासमार भोगावी लागली, त्याच कुटुंबातील उरलेल्या मुलीने हा नियम घातला, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे मर्म कळते.

शारदा सदनातील अट केडगाव येथील मुक्ती सदनाला नव्हती. येथे ख्रिस्ती शिकवण उघडपणे दिली जाई, आणि दुष्काळातून आलेल्या बहुसंख्य मुली ख्रिस्ती झाल्या. त्यांच्यापुढे दुसरे घर नव्हते, हे खरे. आणि ज्यांनी त्यांना दुसरे घर देऊ केले असते, अशांची संख्या त्या वेळी अत्यल्प होती, हेही तितकेच खरे. वाँटेजच्या कसोटीवर मुक्ती सदन पुरते उतरत नाही, असा निर्णय इतिहासाला द्यावा लागेल. त्याबरोबरच हेही नोंदवावे लागेल की, या आश्रितांकडून दात्रीने स्वतःसाठी काही मागितले नाही. जे आपल्याला श्रेष्ठ वाटले ते त्यांना देण्याची तिची उत्कंठा होती. अपेक्षा दोन प्रकारची असते. एक परतफेडीची आणि दुसरी घेणाऱ्याच्या कल्याणाची. पहिलीपासून रमाबाई मुक्त होत्या. दुसरीचा मोह कोणत्याही थोर दात्याला सुटणे फार अवघड आहे.

६

त्यागाच्या गौरवात एक प्रश्न बहुधा विचारला जात नाही. दात्याने दिलेले सर्वस्व केवळ त्याचे एकट्याचेच असते काय? मनोरमा लहानपणी काही काळ आईपासून दूर वाँटेजच्या भगिनींच्या सांभाळाखाली राहिली. पुढे शिक्षण घेऊन ती परतली ती आईच्या कामाला वाहून घेण्यासाठीच. शारदा सदनाचे काम तिने चालविले, गुलबर्गा येथे मुलींची शाळा काढली, आणि २४ जुलै १९२१ रोजी, चाळीसाव्या वर्षी, ती वारली. आईच्या त्यागातील एक मोठा वाटा मुलीने उचलला होता.

हाच प्रश्न नारायण वामन टिळक यांच्या चरित्रात अधिक स्पष्ट होतो. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या औदार्याला हिशेब ठाऊक नव्हता. हाती आलेला पैसा गरजूकडे जाई. १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' उभा करण्याचा प्रयत्न केला, आणि १९१९ साली त्यांचे निधन झाले. या देण्याची दुसरी बाजू लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त आहे. पती दान देऊन मोकळा होतो आणि संध्याकाळची चूल पत्नीला पेटवायची असते, ही गोष्ट त्यांनी कडवटपणा न आणता, विनोदाच्या अंगाने सांगितली. म्हणून ती अधिक परिणाम करते. लक्ष्मीबाईंनी हे सर्व नुसते सोसले, असे मात्र नाही. अनाथ मुलांना त्यांनी पोटाशी धरले, आणि पतीचे अपूर्ण 'ख्रिस्तायन' त्यांनी पुढे चालविले. जो त्याग प्रथम त्यांच्यावर लादला गेला तो पुढे त्यांनी आपखुशीने आपला केला. तरीही एकाला सुख आणि दुसऱ्याला भार होऊ नये, ही पौलाच्या पत्रातील सावधगिरीची सूचना दात्याच्या घरालाही लागू आहे, याचे स्मरण 'स्मृतिचित्रे' वाचताना होते.

७

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. रमाबाईंना प्रतिफळ काय मिळाले? सरकारने १९१९ साली कैसर-इ-हिंद पदक दिले. असा सन्मान म्हणजे 'भरून पावणे' होय. त्याने एक हिशेब संपतो. रमाबाईंच्या दानाचे खरे फळ त्यांच्या नावाच्या बाहेर, आणि काही वेळा त्यांच्या धर्माच्याही बाहेर शोधावे लागते.

शारदा सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी ही होय. ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे सदनाच्या चौथ्या वर्धापनदिनी, तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. तिने धर्म बदलला नाही. कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापिली, पुढे हिंगण्यास आश्रम नेला, आणि १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. या आश्रमासाठी आनंदीबाई कर्वे यांनी स्वतः वर्गणी मागितली, कष्ट केले, आणि कर्व्यांनी आपल्या आयुर्विम्याची रक्कमही आश्रमाच्या नावे केली तेव्हा त्याची झळही सोसली. त्यांचे आत्मवृत्त 'माझे पुराण' या नावाने प्रसिद्ध आहे. १८९३ च्या वादानंतर पुण्यातील हिंदू समाजाला विधवांच्या शिक्षणाची स्वतःची संस्था हवीशी झाली, यात शारदा सदनाचे उदाहरण आणि त्याविषयीचा विरोध या दोहोंचा वाटा आहे. बॉस्टनच्या अज्ञात स्त्रियांनी वर्षाकाठी दिलेली छोटी वर्गणी अशा रीतीने हिंगण्याच्या माळावर पोहोचली. देणाऱ्यांना याची कल्पना नव्हती, आणि कोणाच्या हिशेबवहीत ही जमा दिसत नाही.

दुसरे फळ भाषेचे आहे. इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून रमाबाईंनी संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर केले. नवा करार १९१३ साली व संपूर्ण ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९२४ साली निघाला. संस्कृतात पारंगत असलेल्या या पंडितेने भाषांतरात मात्र जाणूनबुजून साधी भाषा योजिली. रूढ भाषांतरातील संस्कृतप्रचुर व हिंदू दर्शनांचे अर्थ चिकटलेले शब्द त्यांना नको होते. अल्पशिक्षित स्त्रीला वाचता यावे, हा हेतू होता. ज्या विद्येने कलकत्त्यास 'सरस्वती' ही पदवी मिळवून दिली तीच येथे बाजूला ठेवली गेली. संपत्तीचा त्याग पुष्कळांना साधतो. विद्वत्तेच्या प्रदर्शनाचा त्याग विद्वानाला क्वचित साधतो. या ग्रंथाची छपाई केडगावच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनी केली. दुष्काळातून अर्धमेल्या अवस्थेत आलेल्या मुली अक्षरे जुळवून पुस्तक तयार करू लागल्या, आणि ते पुस्तक इतरांच्या हाती गेले. घेणारे हात देणारे झाले, याचे याहून प्रत्यक्ष उदाहरण कोणते?

अशा दानाची मर्यादा कोणत्याही एका धर्मसमाजापुरती नाही. पनवेलजवळ नेरे येथील शांतिवनात विसाव्या शतकाच्या मध्यानंतर गांधीविचारांच्या कार्यकर्त्यांनी कुष्ठरोग्यांसाठी जे काम उभारले, त्याची प्रेरणा वेगळी व परंपराही वेगळी आहे. रोग्याला अन्नछत्रातील पाहुणा न ठेवता शेतीत व हस्तोद्योगात सहभागी करून घ्यावे, ही दृष्टी मात्र केडगावच्या मागांची व विहिरींची आठवण करून देते. दोन्हीकडे दानाची पूर्तता घेणाऱ्याच्या हाताला काम मिळण्यात मानलेली आहे.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे केडगाव येथे निधन झाले. कन्या आधीच गेली होती. वारस म्हणावा असा कोणी उरला नव्हता. मुक्ती मिशन आजही तेथे चालू आहे. नव्या करारातील 'मिस्थॉस' हा शब्द मजुरीचा आहे, हे आरंभी सांगितले. मजुरी काम करणाऱ्याला मिळावी हा न्याय आहे. परंतु निरपेक्ष दानात मजुरी भलत्याच्याच हाती पडते, असे या इतिहासावरून दिसते. ती गोदूबाईला मिळाली, छापखान्यातील मुलींना मिळाली, केडगाव न पाहिलेल्या हिंगण्याच्या विद्यार्थिनींना मिळाली. दात्याला त्यातील काही मिळत असेल तर ते एवढेच की, ज्यांना दिले त्यांना त्याची पुढे गरज राहत नाही. गंगामुळाच्या आश्रमात अन्न वाढणाऱ्या अनंतशास्त्र्यांना हे कळले असते की नाही, हे सांगता येत नाही. त्यांच्या कन्येला मात्र उपासातून ते कळले होते.